स्मृतीचा पहारेकरी : बॅटरी

प्रस्तावना

वीज गेली की घरातील दिवे विझतात, पंखे थांबतात. ती परत आली की दिवे लागतात, पंखे फिरू लागतात आणि मधली गैरसोय आपण विसरून जातो. परंतु काही यंत्रांच्या बाबतीत असे होत नाही. वीज परत येते. पण यंत्रात साठवलेले काम परत येत नाही. १९८० नंतरच्या दशकात सर्वसामान्य माणसांच्या घरी येऊ लागलेले छोटे संगणक, म्हणजेच गृहसंगणक, अशा यंत्रांपैकी होते.

या संगणकांना बॅटरीचा आधार का लागत असे, तो कसा द्यावा आणि तीच बॅटरी दुर्लक्षित राहिली तर यंत्राचा घात कसा करते, याची माहिती प्रस्तुत पाठात दिली आहे. हा माहितीपर लेख आहे. त्यात काही सोपी गणिते आहेत. ती वाचताना कागद-पेन्सिल जवळ ठेवावी.

उद्दिष्टे

या पाठाचा अभ्यास केल्यानंतर तुम्हाला पुढील गोष्टी करता येतील :

- वीज जाताच जुन्या संगणकातील स्मृती का पुसली जाते, ते सांगणे;
- बॅटरीवर एखादे उपकरण किती वेळ चालेल, याचा अंदाज बांधणे;
- बाहेरची बॅटरी आणि आतली बॅटरी यांतील फरक स्पष्ट करणे;
- बॅटरी हाताळताना घ्यावयाची काळजी लिहून काढणे;
- सूचना देण्यासाठी मराठीत विध्यर्थी क्रियापदांचा उपयोग करणे.

मूळ पाठ

१. पुण्यातला गृहसंगणक

बेंगळूरुहून होसूर रस्त्याने आनेकलकडे निघाले की वाटेत इलेक्ट्रॉनिक्स सिटी ही वसाहत लागते. कर्नाटक शासनाच्या केऑनिक्स या महामंडळाने १९७८ मध्ये तिचा पाया घातला. पुढे आनेकल तालुक्यात बोम्मसंद्र, जिगणी येथील औद्योगिक वसाहतीही वाढल्या. नोकरीनिमित्त या परिसरात आलेल्यांत मराठी कुटुंबेही आहेत. पुण्याशी तर या भागाचे नाते जुने आहे. १९८१ मध्ये पुण्यात स्थापन झालेली इन्फोसिस ही कंपनी १९८३ मध्ये बेंगळूरुला आली आणि पुढे तिचे मुख्यालय इलेक्ट्रॉनिक्स सिटीत झाले.

माणसांबरोबर त्यांच्या वस्तूही गावे बदलतात. आनेकलमधील एका मराठी घराच्या माळ्यावर पुण्याहून आणलेली एक जुनी पेटी आहे, अशी कल्पना करू या. पेटीत काळ्या रंगाचा एक जाड कळफलक आहे. त्याला पडदा नाही आणि वेगळी पेटीही नाही. हा कळफलक म्हणजेच संपूर्ण संगणक. त्याचे नाव ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’.

क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीने १९८२ मध्ये ब्रिटनमध्ये ‘झेडएक्स स्पेक्ट्रम’ हा स्वस्त गृहसंगणक बाजारात आणला. ‘स्पेक्ट्रम प्लस’ ही त्याची सुधारित आवृत्ती १९८४ मध्ये आली. पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने रीतसर परवाना घेऊन ही आवृत्ती भारतात आणली. त्याच सुमारास, १९८४ पासून, केंद्र शासनाने ‘क्लास’ या नावाचा संगणक-साक्षरता प्रकल्प सुरू केला होता. त्यातून देशातील सुमारे २५० शाळांना ‘बीबीसी मायक्रो’ हे ब्रिटिश बनावटीचे संगणक देण्यात आले. अनेक भारतीय मुलांनी आयुष्यात पहिल्यांदा हात लावलेला संगणक हा या दोहोंपैकी एक होता.

हे संगणक घरच्या दूरचित्रवाणी संचाला जोडत. कार्यक्रम साठवण्यासाठी गाण्यांची असते तशीच ध्वनिफीत, म्हणजे कॅसेट वापरत. स्पेक्ट्रमची वापरण्याजोगी स्मृती ४८ किलोबाइट, म्हणजे ४९,१५२ बाइट होती. आज साध्या मोबाइलवर काढलेल्या एका छायाचित्रालाही याच्या कितीतरी पट जागा लागते. तरीही एवढ्याशा स्मृतीत हिशोब, शब्दकोडी, खेळ आणि चित्रे बसवण्याचे कसब त्या काळातील मुलांनी कमावले होते.

२. स्मृती पुसते कशी?

संगणकाच्या स्मृतीत मजकूर कसा टिकतो? स्पेक्ट्रमच्या स्मृतीत लाखो सूक्ष्म कपॅसिटर होते. कपॅसिटर म्हणजे विद्युतभार साठवणारा भाग. भार असला तर एक आणि नसला तर शून्य, अशा खुणांनी सगळा मजकूर लिहिलेला असतो.

हे कपॅसिटर म्हणजे जणू गळक्या घड्यांची रांग. घड्यात पाणी भरावे, तोच ते झिरपू लागते. पाणी टिकवायचे तर घडे रिते होण्यापूर्वी पुन्हा पुन्हा भरत राहावे लागते. स्पेक्ट्रममधील स्मृतीच्या प्रत्येक कप्प्याला सेकंदाच्या पाचशेव्या भागात एकदा तरी असा नवा भार द्यावा लागे. संगणक चालू असेपर्यंत हे काम अखंड चाले. वीज गेली की भरणारा हात थांबतो, घडे रिते होतात आणि लिहिलेला सर्व मजकूर नाहीसा होतो. वीज पुढच्याच क्षणी आली तरी संगणक कोऱ्या पाटीने सुरू होतो.

हानी होण्यासाठी वीज पूर्ण जाण्याचीही गरज नसे. स्पेक्ट्रमला भिंतीवरच्या २३० व्होल्ट विजेपासून सुमारे ९ व्होल्टची एकदिश वीज करून देणारा अडॅप्टर जोडत. संगणकाच्या आतला रेग्युलेटर त्या ९ व्होल्टमधून स्थिर ५ व्होल्ट देई. हे काम नीट होण्यासाठी रेग्युलेटरला किमान ७ व्होल्ट मिळावे लागत. गावातील विजेचा दाब घसरला की अडॅप्टरचे ९ व्होल्टही खाली येत आणि ७ च्या खाली गेले की स्मृती डळमळे. दिवा नुसता मंद झाला, एवढेच घरातल्या माणसांना दिसे. संगणकाच्या दृष्टीने मात्र सर्व संपलेले असे.

त्यात स्पेक्ट्रमला चालू-बंद करण्याचे बटणच नव्हते. विजेची पिन खोचली की तो चालू आणि उपसली की बंद. पिन सैल झाली, वायरीला कोणाचा पाय लागला, तरी परिणाम तोच.

नियतकालिकात छापलेला एखादा कार्यक्रम ओळीमागून ओळ टंकित करायला कित्येक तास लागत. तो ध्वनिफितीवर उतरवून ठेवला नसेल, तर सारी मेहनत पाण्यात जाई. मोठा कार्यक्रम फितीवरून पुन्हा संगणकात घ्यायलाही सुमारे पाच मिनिटे लागत आणि फितीवर उतरवत असतानाच वीज गेली तर अर्धवट नोंद निरुपयोगी ठरे. भारनियमन हा शब्द ज्या महाराष्ट्रात घरोघरी पोहोचला, तेथील वाचकाला ही हानी वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही.

पाठगत प्रश्न १

(अ) रिकाम्या जागा भरा.
१. डीबी स्पेक्ट्रम प्लस हा संगणक ________ येथील कंपनीने भारतात आणला.
२. स्पेक्ट्रमच्या आतील रेग्युलेटर स्थिर ________ व्होल्ट वीज देई.

(आ) एका वाक्यात उत्तर लिहा.
लेखात स्मृतीतील कपॅसिटरांना कशाची उपमा दिली आहे?

३. बाहेरची बॅटरी

आता आनेकलच्या त्या घराकडे वळू. घरातील मुलीला हा संगणक पुन्हा सुरू करायचा आहे. जुन्या फितीवरचे कार्यक्रम संगणकात घेऊन ते आजच्या संगणकावर उतरवून ठेवावेत, अशी तिची इच्छा आहे. जुन्या फितीवरचा चुंबकीय लेप दर वेळी वाजवताना थोडा झिजतो. एखादी फीत कदाचित एकदाच नीट वाजेल आणि नेमकी त्याच वेळी वीज जाता कामा नये. यासाठी तिला बॅटरीचा आधार हवा आहे.

हा आधार दोन प्रकारे देता येतो. पहिला प्रकार इन्व्हर्टरचा किंवा यूपीएसचा. यात बॅटरीतील एकदिश विजेचे पुन्हा २३० व्होल्टच्या प्रत्यावर्ती विजेत रूपांतर होते. मग संगणकाचा अडॅप्टर तिचे परत ९ व्होल्ट करतो. दोनदा रूपांतर झाल्याने काही वीज उष्णतेच्या रूपाने वाया जाते; परंतु संगणकाच्या जोडणीत कोणताही बदल करावा लागत नाही. म्हणून नवशिक्याने हाच मार्ग धरावा.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. वीज जाणे आणि बॅटरीची वीज सुरू होणे यांमध्ये अत्यल्प काळ जातो. यूपीएसमध्ये तो सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आसपास असतो आणि तेवढा धक्का अडॅप्टर सहसा सोसतो. घरगुती इन्व्हर्टर साध्या स्थितीत असेल तर अधिक वेळ लागू शकतो. अनेक इन्व्हर्टरांवर यूपीएस स्थितीचे वेगळे बटण असते, ते निवडावे. नंतर संगणकात बिनमहत्त्वाचा मजकूर लिहून मुख्य बटण बंद करून पाहावे. मजकूर टिकला तरच त्या व्यवस्थेवर महत्त्वाचे काम सोपवावे.

दुसरा प्रकार म्हणजे १२ व्होल्टच्या बॅटरीतून योग्य रेग्युलेटरद्वारे थेट ९ व्होल्ट देणे. यात वीज कमी वाया जाते. पण जाणकाराची मदत आवश्यक आहे. याची दोन कारणे आहेत.

पहिले कारण उष्णतेचे. १२ व्होल्टची बॅटरी भारित होत असताना तिचा दाब सुमारे १३.८ व्होल्ट असतो. तो सरळ संगणकाला दिला आणि संगणकाने ०.८ अँपिअर वीज घेतली, असे समजू. आतल्या रेग्युलेटरला वरचे ८.८ व्होल्ट उष्णतेत घालवावे लागतील, म्हणजे ८.८ × ०.८ = सुमारे ७ वॅट. मुळात ९ व्होल्ट दिले तर हीच उष्णता ४ × ०.८ = ३.२ वॅट असते. दुपटीहून अधिक तापलेले जुने भाग फार काळ तग धरत नाहीत.

दुसरे कारण ध्रुवांचे. आजच्या बहुतेक अडॅप्टरांच्या गोल पिनेत आतला भाग धन आणि बाहेरचे कडे ऋण असते. स्पेक्ट्रममध्ये याच्या उलट आहे : आतला भाग ऋण, बाहेरचे कडे धन. दिसायला सारखी असणारी दुसरी पिन खोचल्यामुळे हे संगणक निकामी होऊ शकतात. म्हणून पिन बसते एवढ्यावर समाधान मानू नये. मापकाने ध्रुव तपासूनच जोडणी करावी.

४. बॅटरी किती वेळ पुरेल?

यूपीएसमध्ये बहुधा १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तास क्षमतेची लहान बंदिस्त बॅटरी असते. या दोन आकड्यांचा गुणाकार केला की साठवलेली ऊर्जा कळते : १२ × ७ = ८४ वॅट-तास.

संगणक सुमारे ९ वॅट आणि लहान दूरचित्रवाणी संच सुमारे २१ वॅट घेतो, असे धरू. एकूण ३० वॅट. कागदावर ८४ ÷ ३० = २.८ तास येतात. प्रत्यक्षात बॅटरी पूर्ण रिती करायची नसते, ती वेगाने वापरली तर तिची क्षमता घटते आणि रूपांतरातही वीज वाया जाते. म्हणून कागदावरच्या वेळेचा निम्मा भागच खरा मानावा. म्हणजे सुमारे १.४ तास.

या गणितातून एक उपयुक्त गोष्ट हाती लागते. मजकूर टिकवण्याचे काम संगणकाचे आहे, पडद्याचे नाही. वीज गेल्यावर दूरचित्रवाणी संच बंद केला तर भार ९ वॅटवर येतो. ८४ ÷ ९ = सुमारे ९.३ तास आणि त्याचा निम्मा भाग म्हणजे साडेचार तासांहून थोडा अधिक वेळ. पडदा काळा असला तरी स्मृती जागीच असते. वीज आल्यावर संच लावावा आणि काम पुढे सुरू करावे.

पाठगत प्रश्न २

(अ) १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तास क्षमतेच्या बॅटरीत किती वॅट-तास ऊर्जा साठते?

(आ) चूक की बरोबर ते सांगा.
१. दूरचित्रवाणी संच बंद केला की संगणकाची स्मृती पुसली जाते.
२. स्पेक्ट्रमच्या पिनेत आतला भाग ऋण असतो.

५. आतली बॅटरी

आतापर्यंत पाहिली ती संगणकाला बाहेरून जोडलेली बॅटरी. काही संगणकांच्या पोटातही एक लहान बॅटरी असते. तिचे काम निराळे आहे. संगणक बंद असताना घड्याळ चालू ठेवणे आणि यंत्राची मांडणी लक्षात ठेवणे, एवढेच ती करते. यासाठी अतिशय थोडी वीज लागते, त्यामुळे अशी बॅटरी वर्षानुवर्षे पुरते. स्पेक्ट्रममध्ये ती नव्हती. १९८४ च्या आयबीएम पीसी-एटी या संगणकात आणि १९८६ च्या ‘बीबीसी मास्टर’मध्ये ती होती. १९८७ मध्ये आलेल्या ‘अमिगा २०००’मध्ये आणि १९९० च्या आसपासच्या अनेक संगणकांत निकेल-कॅडमियमची ३.६ व्होल्टची बॅटरी थेट परिपथाच्या पाटीवर डाख देऊन बसवलेली असे.

वर्षानुवर्षे पुरते म्हणूनच ही बॅटरी विसरली जाते. घरात नवा संगणक येतो, जुना माळ्यावर जातो आणि त्याच्या पोटातली बॅटरी तशीच राहते. काही वर्षांनी तिचे आवरण फुटते आणि आतील पोटॅशियम हायड्रॉक्साइड बाहेर झिरपते. हा तीव्र अल्क पाटीवरील तांब्याच्या बारीक रेषा खाऊ लागतो. हिरवट-निळसर पूड जमते, रेषा तुटतात, जवळच्या चिप्सचे पाय कुजतात. ज्या बॅटरीने स्मृतीचे रक्षण करायचे, तिनेच यंत्राचा नाश केला, असा हा प्रकार. कुंपणानेच शेत खाल्ले, ही म्हण येथे तंतोतंत लागू पडते.

जुने संगणक जपणाऱ्यांचा अनुभव असा की, वापरामुळे बिघडलेल्या यंत्रांपेक्षा असे कुजलेले यंत्र दुरुस्त करणे अधिक कठीण असते. बिघडलेला भाग बदलता येतो. पण तांब्याच्या रेषाच नाहीशा झाल्या तर त्या कोठून कोठे जात होत्या, याचा शोध घेण्यापासून सुरुवात करावी लागते.

६. घ्यावयाची काळजी

जुना संगणक हाती आला की तो लगेच चालू करू नये. आधी तो उघडून आत बॅटरी आहे का, ते पाहावे. असल्यास तिच्या जागेचे छायाचित्र काढावे, धन-ऋण खुणा लिहून ठेवाव्यात आणि बॅटरी काढून टाकावी. यंत्र वापरायचे नसले तरीही ती काढावी.

निकेल-कॅडमियम बॅटरीतून द्रव झिरपला असेल तर हातमोजे आणि चष्मा घालूनच काम करावे. अल्काचे उदासीनीकरण आम्लाने होते. म्हणून कापसाच्या बोळ्याने पातळ व्हिनेगर किंवा लिंबाचा रस लावावा. नंतर तो भाग शुद्ध पाण्याने पुसून पूर्ण वाळू द्यावा. इन्व्हर्टरच्या बॅटरीत याउलट गंधकाम्ल असते. ते सांडल्यास खाण्याचा सोडा वापरतात. कोणत्या बॅटरीत काय आहे, हे जाणून घेतल्याशिवाय उपाय करू नये.

भारित होणाऱ्या बॅटरीच्या जागी नाण्याच्या आकाराची लिथियम बॅटरी बसवायची असेल तर जाणकाराकडून तिच्या मार्गात डायोड बसवून घ्यावा. डायोड वीज एकाच दिशेने जाऊ देतो. तो नसेल तर संगणक या बॅटरीला भारित करू पाहील आणि ती फुटण्याचा धोका राहील. ही चपटी बॅटरी लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये. ती गिळली गेली तर दोन तासांतही अन्ननलिकेला गंभीर इजा होऊ शकते. अशा वेळी क्षणभरही न थांबता रुग्णालय गाठावे.

इन्व्हर्टरची बॅटरी हवेशीर जागी ठेवावी, कारण भारित होताना तिच्यातून ज्वलनशील हायड्रोजन वायू बाहेर पडतो. पाणी घालण्याच्या बॅटरीत फक्त ऊर्ध्वपातित पाणी घालावे; नळाचे घालू नये. बॅटरीच्या जवळच फ्यूज असावा. काम करताना अंगठी, बांगडी, कडे काढून ठेवावे. दोन टोकांना धातू चिकटला तर तो क्षणात लाल होतो. बॅटरी रिती अवस्थेत दीर्घकाळ ठेवल्यास तिची क्षमता कायमची घटते. संगणकाचा २३० व्होल्टचा विद्युतपुरवठा-भाग मात्र प्रशिक्षित व्यक्तीशिवाय कोणीही उघडू नये. जोडणी काढल्यानंतरही त्यातील कपॅसिटरमध्ये धोकादायक भार राहू शकतो.

७. निकामी बॅटरीचे काय करावे?

बॅटरी निकामी झाली तरी तिच्यातील विषारी धातू तसेच राहतात. इन्व्हर्टरच्या बॅटरीत शिसे असते, निकेल-कॅडमियमच्या बॅटरीत कॅडमियम. उघड्यावर बॅटरी फोडून शिसे काढले की आम्ल मातीत मुरते आणि शिशाची धूळ काम करणाऱ्याच्या श्वासात व त्याच्या घरातील मुलांच्या अंगात जाते. मुलांच्या मेंदूच्या वाढीवर शिशाचा कायमचा दुष्परिणाम होतो. थोड्या जास्त भावाच्या मोहाने बॅटरी अनधिकृत भंगारवाल्याला विकली तर त्याची किंमत अशी कोणीतरी दुसराच मोजत असतो.

यासाठी भारतात २००१ पासून शिशाच्या बॅटऱ्यांसाठी नियम होते. २०२२ मध्ये सर्व प्रकारच्या बॅटऱ्यांसाठी नवे नियम लागू झाले. त्यांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून त्यांचा पुनर्वापर करून घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. जुन्या संगणकांसाठी ई-कचऱ्याचे वेगळे नियम असून तेही २०२३ च्या एप्रिलपासून नव्या स्वरूपात अमलात आले आहेत. इन्व्हर्टरची जुनी बॅटरी विक्रेत्याला परत देऊन नव्या बॅटरीच्या किमतीत सूट घेण्याची पद्धत सर्वत्र आहे. तिचा लाभ घ्यावा. लहान बॅटऱ्या घरच्या ओल्या-सुक्या कचऱ्यात न टाकता वेगळ्या साठवून अधिकृत संकलन केंद्रात द्याव्यात.

इलेक्ट्रॉनिक्स सिटी, बोम्मसंद्र, जिगणी यांसारख्या परिसरांत दर वर्षी नवी यंत्रे येतात आणि जुनी बाहेर पडतात. त्यांतील प्रत्येक जुने यंत्र जपता येणार नाही. जे जपायचे ठरेल, त्याच्या पोटातली बॅटरी आजच तपासावी. जे टाकायचे ठरेल, त्याची बॅटरी आधी काढून योग्य हाती द्यावी. दोन्ही कामांना एक पेचकस आणि अर्धा तास पुरतो.

शब्दार्थ

स्मृती – संगणकातील मजकूर साठवण्याची जागा
परिपथ – वीज वाहण्याचा मार्ग
एकदिश वीज – एकाच दिशेने वाहणारी वीज
प्रत्यावर्ती वीज – ठरावीक काळाने दिशा बदलणारी वीज
भारित होणे – बॅटरीत वीज भरली जाणे
डाख – वितळलेल्या धातूने केलेला सांधा
अल्क – पाण्यात विरघळणारा, आम्लाच्या विरुद्ध गुणधर्माचा पदार्थ
उदासीनीकरण – आम्ल व अल्क यांनी एकमेकांचा प्रभाव नाहीसा करणे
ऊर्ध्वपातित पाणी – वाफ थंड करून मिळवलेले शुद्ध पाणी

भाषाभ्यास

(अ) पुढील वाक्ये वाचा.
१. बॅटरी काढा. २. बॅटरी काढावी.

पहिल्या वाक्यात आज्ञा आहे. तेथे आज्ञार्थी क्रियापद वापरले आहे. दुसऱ्या वाक्यात काय करणे योग्य, ते सांगितले आहे. तेथे विध्यर्थी क्रियापद आहे. माहितीपर लेखात सूचना देताना विध्यर्थाचा उपयोग अधिक होतो, कारण त्यातून कर्तव्य किंवा योग्यता व्यक्त होते. ‘नये’ हे रूप त्याच्या नकारासाठी येते. उदा., उघडू नये, घालू नये. पाठाच्या सहाव्या भागातून अशी पाच क्रियापदे शोधून लिहा.

(आ) बॅटरी, इन्व्हर्टर, फ्यूज हे शब्द परभाषेतून आले असले तरी मराठीत त्यांना लिंग व प्रत्यय मिळाले आहेत. उदा., ती बॅटरी – बॅटरीने, बॅटऱ्या. तो फ्यूज – फ्यूजला. अशा आणखी तीन शब्दांची रूपे लिहा.

(इ) ‘मेहनत पाण्यात जाणे’ हा वाक्प्रचार आणि ‘कुंपणानेच शेत खाल्ले’ ही म्हण यांचा स्वतःच्या वाक्यांत उपयोग करा.

आपण काय शिकलो?

- गृहसंगणकाची स्मृती टिकण्यासाठी वीज अखंड मिळावी लागते.
- व्होल्ट आणि अँपिअर-तास यांच्या गुणाकाराने बॅटरीतील ऊर्जा कळते. प्रत्यक्ष वेळेसाठी निम्मा अंदाज धरावा.
- बाहेरची बॅटरी चालू काम वाचवते. आतली बॅटरी घड्याळ व मांडणी जपते.
- विसरलेली बॅटरी झिरपते आणि यंत्र कुजवते.
- निकामी बॅटरी अधिकृत केंद्रातच द्यावी.

स्वाध्याय

१. ‘पडदा काळा असला तरी स्मृती जागीच असते’ हे विधान पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
२. १२ व्होल्टची बॅटरी स्पेक्ट्रमला थेट का जोडू नये? दोन कारणे लिहा.
३. अल्क आणि आम्ल सांडल्यास करावयाच्या उपायांत फरक का आहे?
४. तुमच्या घरात कोणकोणत्या वस्तूंत बॅटरी आहे? वस्तू, बॅटरीचा प्रकार आणि ती शेवटची केव्हा तपासली, असा तक्ता करा.
५. वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करण्याची सोय वस्तीत करावी, अशी विनंती करणारे पत्र स्थानिक नगरपालिकेला किंवा ग्रामपंचायतीला लिहा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. (अ) १. पुणे २. ५
(आ) स्मृतीतील कपॅसिटरांना गळक्या घड्यांच्या रांगेची उपमा दिली आहे.

२. (अ) १२ × १५० = १,८०० वॅट-तास
(आ) १. चूक २. बरोबर